सेनेगल नदी ही 'निसर्गानेच आखलेली सीमा' आहे का?

नकाशासकट फिरणारा एक मजकूर सांगतो: 'सेनेगल नदी ही निसर्गानेच आखलेली रेघ. वर मॉरिटानियाचं वाळवंट, खाली हिरवा सेनेगल, लोकही वेगळे. धरणं झाली, समुद्राचं खारं पाणी थांबलं, प्रश्न मिटला.' यातलं खारं पाणी थांबलं एवढंच खरं.

'निसर्गाने आखलेली रेघ': नदीचं पाणी गिनीतल्या फुता जालोन डोंगरातून येतं. मालीत बाफुलाबेला बाफिंग आणि बाकोय या नद्या मिळतात, तिथून पुढे तिचं नाव सेनेगल. मॉरिटानिया आणि सेनेगलची हद्द ती होते फालेमे या उपनदीच्या संगमाखाली, साधारण ८०० किलोमीटर. मुखाजवळच्या सेंट-लुई शहरापाशी तर दोन्ही काठ सेनेगलचेच.

'लोकही वेगळे': मॉरिटानियात अरबी बोलणारे मूर जास्त, पण नदीकाठी हालपुलार, सोनिंके, वोलोफ हे समाज अलीकडेही आणि पलीकडेही. कारण आहे वालो, म्हणजे पुराखाली जाणारी जमीन. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पूर ओसरला की ओल्या चिकणमातीत भोकं पाडून ज्वारी टोकतात. पुढे पाऊस नसला तरी ओलीवर पीक निघतं. आपल्याकडची गाळपेरच म्हणा, फक्त धरणाऐवजी पुराच्या भरवशावरची. घर एका काठावर आणि वालो दुसऱ्या काठावर, हे इथे नवल नव्हतं. एप्रिल १९८९ मध्ये सेनेगलच्या काठावरच्या दियावारा गावाजवळ चराईवरून भांडण पेटलं, दोन सेनेगली मेले, दोन्हीकडून हजारो लोक हाकलले गेले आणि सीमा १९९२ पर्यंत बंद राहिली.

'धरणांनी प्रश्न मिटला': खालच्या भागात पात्राला उतार जवळजवळ नाहीच. त्यामुळे उन्हाळ्यात प्रवाह आटला की समुद्र २०० किलोमीटरपर्यंत आत शिरायचा. मुखाजवळच्या १९८६ च्या दियामा बंधाऱ्याने तो अडवला. वर मालीत १९८८ चं मनांताली धरण पूर अडवून वर्षभर पाणी सोडू लागलं. भातशेतीची सोय झाली, वालोचा पूर मात्र रोडावला.

दियामाच्या वर आता बारमाही गोडं, संथ पाणी. त्यात टायफा हे पाणगवत माजलं आणि गवताच्या आधाराने गोगलगायी वाढल्या. बिलहार्झिया या कृमींच्या आजाराचा जंतू या गोगलगायींत वाढतो, मग पाण्यात सुटून कपडे धुणाऱ्या, पोहणाऱ्या माणसाच्या कातडीतून थेट आत शिरतो. सेनेगलच्या काठावरच्या रिशार-टोल गावात १९८८ पासून आतड्याच्या बिलहार्झियाची साथ पसरली. नदीतली मोठी कोळंबी या गोगलगायी खाते. पण तिची पिल्लं मचूळ पाण्यातच जगतात, म्हणून ती अंडी घालायला खाडीकडे उतरते. तिच्या वाटेवरच बंधारा उभा आहे.