लठ्ठ मेंढा म्हणजे भरपूर कोकरे?

“मेंढा जितका लठ्ठ तितकी कोकरे जास्त, त्याला मक्याचा भरडा हवा तितका द्या, कळपात सोडण्याआधी आठ दिवस तूप-अंडी चारा, मेंढ्यांना जुळीच होतील,” असा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. आटपाडीकडच्या माझ्या मामेभावाने त्यावर विश्वास ठेवून आपल्या माडग्याळी जातीच्या मेंढ्यापुढे दोन्ही वेळा भरड्याची पाटी ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मात्र गप्प राहणे अशक्य झाले.

“हवा तितका भरडा” हा यातला सर्वांत घातक सल्ला आहे. सवय नसताना धान्य भरपूर खाल्ले की जनावराच्या पोटात आम्ल साचते, ते चारा सोडते आणि वेळीच उपचार न मिळाल्यास दगावते. त्यातून वाचले तरी धोका टळत नाही. मक्यात स्फुरद (फॉस्फरस) बरेच आणि कॅल्शियम नगण्य असल्यामुळे लघवीत खडे धरतात. मेंढीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने ते तिला सहसा बाधत नाहीत, परंतु मेंढ्याच्या अरुंद, वळणदार मार्गात अडकतात, आणि लघवी तुंबून मूत्राशय फुटेपर्यंत वेळ येते. मग कोकरे कोणापासून व्हायची?

लठ्ठपणाचेही तसेच. वृषण शरीरापेक्षा काही अंशांनी थंड राहिले तरच वीर्य चांगले बनते. वृषणाच्या पिशवीत वरच्या बाजूस चरबी साठली की तेथील उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय असा मेंढा उन्हात धापा टाकत सावली धरतो, माजावरच्या मेंढ्यांमागे फिरत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते, की हाडे वर आलेला मेंढाही कामाचा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात मेरिनो जातीच्या नरांना ल्युपिन हे प्रथिनयुक्त कडधान्य देऊन केलेल्या प्रयोगांत वृषणांचा आकार आणि शुक्रजंतूंची निर्मिती वाढल्याचे स्पष्ट दिसले. परंतु तो खुराक आठ दिवसांचा नव्हता, आठवड्यांचा होता. मेंढ्याच्या वृषणात शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे 49 दिवस लागतात आणि परिपक्व होऊन बाहेर पडण्यास आणखी सुमारे दोन आठवडे, म्हणजे पावसाच्या तोंडावर नर सोडायचा असेल तर खुराक चैत्रातच सुरू व्हायला हवा. आदल्या आठवड्यातल्या तुपाने फक्त तुपाचा खर्च होतो.

जुळ्यांविषयी फार बोलायला नको: एका वेळी किती बीजे सुटतात हे मेंढीवर ठरते, मेंढ्याच्या पोटावर नाही.

मामेभावाला मी मेंढ्याच्या कमरेवर, मणक्यांवरून हात दाबून पाहायला सांगितले. 1 (अगदी रोड) ते 5 (फार लठ्ठ) या मापात नर सोडताना तो 3 ते साडेतीनच्या आसपास असावा, म्हणजे मणके दाबल्यावर लागावेत, पण टोचू नयेत. त्याच्या मेंढ्याचे मणके हाताला लागलेच नाहीत. भरडा आता हळूहळू कमी होतो आहे आणि मेंढा पुन्हा कळपाबरोबर माळावर चालतो आहे.