रेख्नित्सची माणसं कुठे पुरलीत ते अजून कोणी सांगत नाही

रेख्नित्सच्या काउंटेसची गोष्ट अधूनमधून कोणीतरी पाठवतंच, पार्टीत पाहुण्यांच्या हातात बंदुका दिल्या आणि ज्यूंची शिकार केली वगैरे, आणि दर वेळी मला वाटतं की अरे, यातली सगळ्यात भयंकर गोष्ट तर सांगायची राहूनच गेली.

ऑस्ट्रियात हंगेरीच्या सीमेला लागून हे गाव, तिथे बॅथ्यानी घराण्याचा वाडा, मालकीण म्हणजे ही काउंटेस मार्गिट, थायसेन या पोलादवाल्या घराण्यातली. २४ मार्च १९४५ची रात्र, रशियन फौजा जवळ आलेल्या आणि वाड्यात नाझींची पार्टी चाललीये. हंगेरीतून रेल्वेने आणलेले ज्यू वेठबिगार होते, त्यातले साधारण १८० जण आजारी, कामाला निरुपयोगी म्हणून बाजूला काढलेले. रात्री वाड्यात फोन येतो, गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, पोडेझिन तो घेतो, काही पाहुण्यांना बंदुका वाटतो आणि निघतात सगळे. गावाबाहेर क्रॉसच्या आकाराचं एक जुनं कोठार आहे, त्याच्याजवळ त्या लोकांना गोळ्या घातल्या. पुरायला म्हणून काही जण जिवंत ठेवले होते, दुसऱ्या दिवशी त्यांनाही मारलं.

काउंटेसचा यात किती हात होता यावर अजून वाद आहे, पण तिच्यावर खटलाच झाला नाही, १९८९ला वारली. पोडेझिन निसटला तो शेवटी दक्षिण आफ्रिकेत. आणि १९४६ला तपास सुरू झाल्यावर दोन साक्षीदार जिवाला मुकले, त्यातल्या एकाला गोळी घातली आणि त्याचं घरही जळालं. मग कोण बोलणार? गावभर अळीमिळी गुपचिळी. जे मोजके लोक कोर्टात उभे राहिले त्यात सगळ्यात मोठी शिक्षा आठ वर्षं!

म्हणून मला ती शिकारीची गोष्ट आवडत नाही. सगळं वाड्यावर ढकललं की गाव सुटतं. खड्डे कोणीतरी खणून घेतले, सकाळी उकरलेली माती कोणालातरी दिसलीच असणार, एवढं मोठं काम कोणाच्याच नजरेला पडलं नाही हे मी मानूच शकत नाही. १९७०ला खाटीकखान्याजवळ १८ सांगाडे सापडले, ग्राझच्या ज्यू दफनभूमीत नेले. बाकीचे आजही सापडलेले नाहीत, किती वेळा शोधलं, शेतं उकरली, तरी नाही.

त्यांच्या घरच्यांना फूल ठेवायला जागा नाही हो. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं एखादं पोर आज नव्वदीत असेल त्या गावात. नावं नका सांगू कोणाची, कोर्ट नको, काही नको, फक्त बोट करून दाखवा, कुठलं शेत ते.