लिंकनला कल्हई

पोलादी पेनी, म्हणजे लिंकनचा चेहरा असलेले अमेरिकेचे १९४३ सालचे एक सेंटचे नाणे, विकत घेण्याचे आपण मनावर घेतलेच असेल, तर विक्रेत्याच्या ट्रेमध्ये जे नाणे सर्वांत जास्त चकाकते आहे तेच बिनदिक्कत उचलावे. ८० वर्षांहून जुने, जस्ताचा जेमतेम थर असलेले आणि असंख्य घामट हातांतून फिरलेले नाणे रुखवतात मांडलेल्या भांड्यासारखे लखलखत असेल, तर आधीच्या मालकाला टापटिपीची आवड होती एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

१९४३ साली काडतुसांच्या आणि तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांसाठी तांबे हवे होते, म्हणून अमेरिकेने एक सेंटचे नाणे जस्त चढवलेल्या पोलादाचे केले आणि फिलाडेल्फिया, डेन्व्हर व सॅन फ्रान्सिस्को या तीन टांकसाळींनी मिळून अशी १०९ कोटींहून अधिक नाणी पाडली. हा आकडा वाचून लगेच विसरावा. तो लक्षात राहिला, तर ‘अत्यंत दुर्मीळ’ ही चिठ्ठी वाचताना होणारा आनंद उगाच कमी होतो.

परीक्षाच घ्यायची असेल, तर खिशात लोहचुंबक ठेवावे. नाणे चिकटले की ते अस्सल, असे चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करावे. तांब्याचे पाणी चढवून ‘१९४३ची तांब्याची पेनी’ म्हणून खपवलेले पोलादी नाणे चुंबक पकडून देतो, हे खरे. पण नव्याने मुलामा दिलेले नाणेही आतून त्याच टांकसाळीचे पोलाद असल्यामुळे ते तितक्याच प्रेमाने चिकटते, ही बारीकसारीक गोष्ट मनाला लावून घेऊ नये.

नाण्याच्या कडेवर मात्र चुकूनही भिंग धरू नये. काजूकतलीच्या थापीला आधी वर्ख लावून मग तुकडे कापले, की वर्ख वरच राहतो आणि सुरी फिरलेली बाजू उघडी पडते. टांकसाळीतही पोलादाच्या पट्टीवर आधी जस्त चढले आणि मग तिच्यातून चकत्या कापल्या गेल्या. त्यामुळे अस्सल नाण्याच्या कडेला उघड्या पोलादाचा काळपट पट्टा दिसतो, आणि बहुधा त्यावर तांबूस गंजाचे ठिपकेही. याउलट, जुना थर आम्लाने उतरवून ज्याला पुन्हा मुलाम्याच्या द्रावणात बुडवले आहे, त्याची कडही तोंडासारखीच गोरीपान असते. मी एकदा प्लास्टिकच्या सुबक डबीतला तीन नाण्यांचा संच घेतला आणि घरी येऊन डबी उघडण्याचा अगोचरपणा केला. तिन्ही कडा चकचकीत! डबी मिटलेली असेपर्यंत मी सुखी होतो.

तसेच, नाणे दिव्याखाली तिरपे करून फिरवू नये. ठशाच्या दाबाखाली धातू बाहेरच्या बाजूला सरकताना उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषांमुळे न वापरलेल्या अस्सल नाण्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी चमक फिरत जाते. आम्लाने त्या रेषा खाल्ल्या, की उरतो तो सपाट, एकसारखा झगझगाट. लिंकनचे केस नुकतेच तेल लावून चोपल्यासारखे दिसतात आणि मागच्या गव्हाच्या ओंब्यांतले दाणे एकमेकांत मिसळतात. कधी मुलाम्याच्या खाली गंजाचे जुने खड्डेही राहून जातात, पण देवीचे वण पावडरीखाली मोजणे सभ्य माणसाला शोभत नाही.

आणि एवढी खबरदारी घेऊनही एखादे राखाडी, डागाळलेले, जस्तावर पांढुरकी बुरशी आल्यासारखे दिसणारे अस्सल नाणे पदरी पडलेच, तर खचून जाऊ नये. चिंच आणि रांगोळी लावून ते खसाखसा घासावे, जस्त पुरते निघून पोलाद उघडे पडले की मुलामा देणाऱ्या कारागिराकडे न्यावे, आणि कडेलाही नीट लागला आहे ना, एवढे तेवढे पाहून घ्यावे.