पडका वाडा असेल तर डागडुजी मुळीच करू नका

वाईच्या पंचक्रोशीत तुमचा वडिलोपार्जित वाडा असेल आणि तो पडायच्या बेतात असेल, तर अभिनंदन! कडीपाटाला वाळवी, चौकात गुडघाभर गवत, दिंडीदरवाजाची एक बिजागरी निखळलेली. याला आता पडझड म्हणत नाहीत, 'लुक' म्हणतात. सिनेमाच्या शूटिंगसाठी त्याचं भाडं शिफ्टवर मिळतं.

मात्र वाडा मराठी आहे, हे आधी विसरा. २००३च्या 'गंगाजल'मध्ये वाई बिहारात गेली. २००४च्या 'स्वदेस'मध्ये मेणवली हे उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं, नाना फडणवीसांच्या वाड्यासकट. २०१०च्या 'दबंग'ला वाई पुन्हा उत्तरेत. रडू नका. मेणवलीच्या घाटावर चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतली, १७३९ची, पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. ती बिचारी चर्चमधून देवळात येऊन मुकाट मराठी झालीच ना? मग आपली ओसरी चार दिवस ठाकूरसाहेबांची झाली तर काय बिघडलं?

भाडं ठरल्याची बातमी भाऊबंदांना कळवायची गरज नाही. कौलं शाकारायच्या वेळी ज्यांचा फोन लागत नव्हता, ते चुलते उतारा घेऊन ॲडव्हान्सच्या आधी हजर होतात.

दिवाळीला हौसेने भिंतींना पिस्ता ऑइलपेंट दिला असेल, तर तो गेला म्हणून समजा. आर्टवाल्यांचा पोरगा येतो, त्यावर मातकट रंगाचा हात मारतो, मग चहाच्या पाण्यासारखं काहीतरी फवारतो, दोन पावलं मागे सरतो आणि डोळे बारीक करून म्हणतो, "अजून जुनं वाटत नाहीये." वाडा मुळातच दोनशे वर्षांचा आहे, हे त्याला सांगू नका. उगाच हिरमोड होतो.

'काम झाल्यावर होतं तसं करून देऊ,' असं करारात असतं. होतं कसं, याचा फोटो काढण्याचा कोतेपणा करू नका. पाहुण्यांवर अविश्वास दिसतो. आम्ही नाही काढला. त्यामुळे सागवानी खांबातले चौदा खिळे पूर्वीपासूनच होते, असं ठरलं. अनामत मागायलाही आम्हाला अशीच लाज वाटली होती.

माजघरातलं लंबकाचं घड्याळ कंटिन्युइटीसाठी, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये तीच वेळ दिसावी म्हणून, पावणेपाचला थांबवलं होतं. आजीला घड्याळ बघून चहा मागायची सवय. तिने तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पावणेपाचचा चहा घेतला, तोही युनिटच्या थर्मासातला. निव्वळ नफा म्हणावा तर तेवढाच.

पिक्चर लागल्यावर तिला दाखवायला नेलं. घड्याळापुढे नेमका नायकाचा काका पगडी घालून उभा होता. आजीने पदर सावरून कौतुकाने विचारलं, "कुणाची रे ही हवेली?"