मिरजेचा मिशन दवाखाना नन्सचा नव्हे

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला. शाळेच्या बॅचचा आणि सोसायटीचा मी सोडून दिला, पण भावकीच्या ग्रुपवर तो आमच्या तात्यांनीच टाकला, तेव्हा गप्प बसवेना. मजकूर थोडक्यात असा: कॅथलिक नन्स इंग्रजांनी आणल्या, मिरजेचा मिशन दवाखाना हे त्यांचंच काम, सगळ्या परदेशी, पोपच्या पगारावर, पाद्र्यांच्या हुकमाच्या ताबेदार, आणि सेवा हा फक्त धर्मांतराचा बहाणा. तात्या, एकेक घेऊ.

आधी घरचं, म्हणजे मिरज. १८९४ मध्ये इथं दवाखाना उघडला तो डॉ. विल्यम वानलेस यांनी. वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट, पोपला न मानणारे. त्या पंथात नन हा प्रकारच नाही. वाईचा मिशन दवाखाना अमेरिकन मराठी मिशनचा, तेही प्रोटेस्टंटच. दोघांच्याही गळ्यात काहीतरी असतं म्हणून वारकरी आणि लिंगायत एकच, असं कुणी तात्यांसमोर म्हणून बघावं! घोळ थोडा शब्दांनीही केलाय. आपण दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला ‘सिस्टर’ म्हणतो आणि इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला ‘कॉन्व्हेंट’, मग तिथं एकही नन नसो.

आपल्या भागातलं खऱ्या कॅथलिक सिस्टरांचं एक जुनं ठिकाण बघायचं तर घाट चढून पाचगणीला जावं. तिथलं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ चं. ते काढणारा ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ हा सिस्टरांचा संघ स्थापन झाला १८३३ मध्ये लिएजला, म्हणजे बेल्जियममध्ये. इंग्लंडात नव्हे.

इथंच ‘इंग्रजांनी आणल्या’ हा मुद्दा ढिला पडतो. इंग्लंडचा राजधर्म प्रोटेस्टंट. कॅथलिक माणसाला तिथल्या पार्लमेंटात बसायची मुभाच मुळी १८२९ मध्ये मिळाली. जुन्या गोव्यात संत मोनिकेचा मठ १६०६ मध्ये पोर्तुगीज अमदानीत सुरू झाला, तेव्हा सुरतेत इंग्रजांची वखार नव्हती आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून २४ वर्षं होती. दूरदेशी जाणाऱ्या सिस्टरांची परंपराही तेवढीच जुनी. मारी गुयार नावाची फ्रेंच विधवा नन झाली, १६३९ मध्ये समुद्र ओलांडून कॅनडातल्या क्वेबेकला पोचली, मुलींची शाळा काढली आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा शिकून त्यांचे शब्दकोश केले. इंग्रज राज्यात इथं बऱ्याच सिस्टर आल्या हे खरं. पण आल्या त्या फ्रान्स, बेल्जियम, आयर्लंड अशा देशांतून, आपापल्या संघांमार्फत.

पगाराचं दोन ओळीत आटोपतो. सिस्टर दारिद्र्याचं व्रत घेते. शाळेत किंवा दवाखान्यात तिला मिळणारा पगार संघाच्या सामायिक खात्यात जातो. व्हॅटिकनकडून महिन्याला मनीऑर्डर येत नाही.

‘हुकमाच्या ताबेदार’ हा मुद्दा मात्र मला सगळ्यात गमतीचा वाटतो, कारण इतिहास जवळजवळ उलटा आहे. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने ठरवलं की नन म्हणजे मठाच्या भिंतीआड. मग रस्त्यावरच्या आजाऱ्यांकडे जायचं कसं? १६३३ मध्ये पॅरिसला लुईज द मारियाक ही विधवा आणि व्हिन्सेंट द पॉल हे पाद्री यांनी जो संघ काढला, त्यातल्या बायका जन्मभराचं जाहीर व्रत घेतच नसत. दर वर्षी नव्याने शपथ घेत. त्यामुळे चर्चच्या कायद्याने त्या ‘नन’ ठरत नव्हत्या आणि गल्लीबोळांत फिरायला मोकळ्या राहिल्या. याला आपल्याकडे पळवाट म्हणतात, आणि अशा पळवाटा काढत काढतच हे काम जगभर गेलं.

रावळपिंडीचं प्रकरण तर आपल्या उपखंडातलंच. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत, बाळंतपणात मरत. सिस्टरांनी डॉक्टर व्हावं म्हटलं, तर चर्चच्या नियमानं त्यांना वैद्यकी आणि बाळंतपणं मना. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टरबाई त्यासाठी रोमचे उंबरे झिजवत राहिल्या आणि १९१३ मध्ये वारल्या. त्यांच्यामुळे या वाटेला लागलेली ॲना डेंगेल ही ऑस्ट्रियन मुलगी आयर्लंडात डॉक्टर झाली, रावळपिंडीला काम केलं आणि १९२५ मध्ये वॉशिंग्टनला ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ हा संघ काढून मोकळी झाली. नियम तसाच होता. रोमने तो बदलला १९३६ मध्ये. मेरी ग्लोरी ही ऑस्ट्रेलियन डॉक्टर पोपची खास परवानगी काढून १९२० च्या दशकापासून आंध्रातल्या गुंटूरला सिस्टर म्हणून वैद्यकी करत होती, तो अपवाद.

ऑस्ट्रेलियाच्याच मेरी मॅकिलॉप या सिस्टरला बिशपने, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूने, १८७१ मध्ये चर्चबाहेर काढलं. पुढल्या वर्षी हुकूम मागे घेतला, आणि २०१० मध्ये तीच त्या देशाची पहिली संत जाहीर झाली. आधी वाळीत टाकायचं आणि मग पालखी काढायची, ही रीत आपल्याला तरी नवी नाही. आज्ञापालनाचं व्रत त्या घेतात, हे तात्यांचं म्हणणं बरोबरच. पण संघाची प्रमुख सिस्टरांच्याच प्रतिनिधी मत देऊन निवडतात, आणि आज्ञा कुठवर पाळायची यावर बिशपांशी भांडणंही चिकार झाली.

‘सगळ्या परदेशी’? केरळात कूनम्मावला सिस्टरांचा देशी संघ १८६६ मध्येच निघाला. ‘फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी’ हा जगभर पसरलेला संघ १८७७ मध्ये जन्मला उटीला. मदर तेरेसांचा संघ कोलकात्याचा, १९५० चा. भारताबाहेर पहिलं घर काढलं ते १९६५ मध्ये व्हेनेझुएलात. त्यांच्यामागून १९९७ मध्ये प्रमुख झालेल्या सिस्टर निर्मला रांचीत जन्मलेल्या, नेपाळी ब्राह्मण घरातल्या.

राहिला धर्मांतराचा मुद्दा. त्या मिशनरी आहेत आणि धर्मप्रसार हे आपलं काम आहे असं त्या उघड सांगतात. ते मी झाकत नाही. माझी हरकत आहे ती ‘फक्त’ या शब्दाला. एवढ्या शतकांनंतर २०११ च्या जनगणनेत देशातले ख्रिस्ती २.३ टक्के. आणि खरोखर जाब विचारावा अशा गोष्टी त्या मजकुरात आल्याच नाहीत. आयर्लंडात सिस्टरांनी चालवलेल्या मॅग्डालेन धोबीखान्यांत मुली-बायकांना कोंडून फुकट राबवलं. त्यात सरकारचाही हात होता आणि २०१३ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांत सिस्टर होत्या. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या उर्सुलाइन सिस्टरांच्या मठात गुलाम राबत. मजकूर लिहिणाऱ्याला टीकाच करायची होती, तर एवढं तरी वाचायला हवं होतं.

शेवटी ‘आता नन्स संपत आल्यात’ अशी एक आनंदाची ओळ आहे. १९७० च्या सुमारास जगात दहा लाखांच्या आसपास होत्या, आता सहा लाखांच्या. घट झाली मुख्यतः युरोप-अमेरिकेत. आफ्रिकेत संख्या वाढतेय. युरोपातल्या रिकाम्या होत चाललेल्या मठांत म्हाताऱ्या सिस्टरांना आंघोळ घालायला, औषधं द्यायला आता केरळ-झारखंडच्या सिस्टर जातात.