फोनमधला पुरावा नेमका कोणाचा?

पेगॅसस या, फोनमध्ये गुपचूप शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही, वाचेनात का!’ असे म्हणणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण धोका केवळ वाचले जाण्याचा आहे, हे त्यांचे गृहीतकच मला चुकीचे वाटते, आणि ते का, हे जरा सविस्तर मांडायचे आहे.

पूर्वी टेलिफोन टॅप होत, तेव्हा ऐकणारा फक्त ऐकत असे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली चालणाऱ्या या टॅपिंगला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात गृहसचिवांच्या लेखी आदेशाचे आणि आढावा समितीचे बंधन घातले. ते बंधन तोकडे असेल, पण होते. फोन किंवा संगणक हॅक करणे ही मात्र वेगळ्याच जातीची गोष्ट आहे, कारण ज्याच्या हाती दुसऱ्याच्या यंत्राचा संपूर्ण ताबा येतो, त्याला त्यातले वाचता तर येतेच, शिवाय त्यात नवे काही ठेवताही येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार सरकारला संदेश अडवण्याचे, त्यांवर देखरेख ठेवण्याचे आणि ते उलगडून घेण्याचे अधिकार आहेत. नागरिकाच्या यंत्रात शिरून तिथे फाइल ठेवण्याचा अधिकार त्यात कुठेही नाही.

ही भीती काल्पनिक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी भीमा कोरेगाव हिंसाचाराच्या प्रकरणातील एक आरोपी, कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची हकीकत समजून घ्यावी. एप्रिल २०१८ मध्ये तो जप्त झाला आणि त्यातील पत्रे खटल्याचा कणा बनली. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल पुरावे तपासणाऱ्या (फॉरेन्सिक) संस्थेने त्या डिस्कची प्रत तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल उजेडात आला. १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यावरून आलेली एक फाइल उघडली गेली, तिच्यातून नेटवायर हे दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर आत शिरले, आणि पुढचे सुमारे बावीस महिने हल्लेखोराचा त्या लॅपटॉपवर ताबा होता, असा त्याचा निष्कर्ष आहे. वादग्रस्त पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवण्यात आली होती, आणि लॅपटॉपच्या मालकाने ती कधी उघडल्याची एकही खूण सापडली नाही. त्यांतील काही पत्रे तर त्या लॅपटॉपवर नसलेल्या, वर्डच्या नव्या आवृत्तीत तयार झालेली होती! खटला चालवणाऱ्या राष्ट्रीय तपास संस्थेला (एनआयए) हे निष्कर्ष मान्य नाहीत. हल्लेखोर कोण, हे आर्सेनलने सांगितलेले नाही, त्यामुळे मीही कोणाकडे बोट दाखवणार नाही. विल्सन यांना जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, तोवर साडेसहा वर्षे तुरुंगात गेली होती.

आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमाने कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश व्हॅल्यूसह प्रमाणपत्र मागितले आहे. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र मुद्देमाल जप्त झाल्यानंतर त्यात फेरफार झाला नाही, एवढेच तो ठसा सांगू शकतो. जप्तीच्या आधी त्यात कोणी काय ठेवले, याबद्दल तो मुका आहे. म्हणून यंत्र पुरावा म्हणून दाखल होण्यापूर्वी त्यात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, होते का, याची स्वतंत्र तपासणी सक्तीची व्हावी आणि तिचा अहवाल आरोपीलाही मिळावा, असे माझे ठाम मत आहे. आज तो खर्च आणि ती खटपट आरोपीच्या माथी येते.

भारतात पेगॅसस वापरले गेल्याच्या आरोपांच्या चौकशीतून काही हाती लागेल अशी मला आशा होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत मालवेअर सापडले, पण ते पेगॅससच होते असे ठामपणे सांगता आले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असेही समितीने नोंदवल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगण्यात आले. एप्रिल २०२५ च्या सुनावणीत न्यायालय म्हणाले की देशाकडे स्पायवेअर (हेरगिरीचे सॉफ्टवेअर) असण्यात गैर नाही, प्रश्न ते कोणाविरुद्ध वापरले हा आहे. मला हे पटते. पण त्या प्रश्नाचे उत्तर सरकारकडून आजवर आलेले नाही.

भीमा कोरेगाव प्रकरणातीलच आणखी एक आरोपी फादर स्टॅन स्वामी यांचा संगणक १२ जून २०१९ रोजी जप्त झाला. आदल्याच दिवशी, ११ जूनला, हल्लेखोराने त्यातील आपल्या खुणा पुसण्याची धडपड केली होती, असे आर्सेनलने म्हटले आहे. हा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये समोर आला. कोठडीत असतानाच, ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी स्वामी मुंबईच्या रुग्णालयात वारले होते.