बॉल ओव्हनमध्ये घालण्याआधी

‘मेलेला बॉल अर्ध्या तासात जिवंत करा’ हा बॉलिंगचा व्हिडिओ फिरत फिरत मिशिगनमधल्या आमच्या भाच्यापर्यंत पोचला. ‘मामा, ओव्हन दोनशेवर लावलाय, टाकू ना?’ असा त्याचा मेसेज आला, म्हणून हे लिहावं लागतंय. लेनवरचं (म्हणजे बॉल टाकायच्या पट्टीवरचं) तेल पिऊन नीट वळेनासा झालेला जुना बॉल भाजा, असीटोनने पुसा, राहिलंच तर डिशवॉशरमध्ये घाला, प्रो शॉपवाल्याला (बॉलिंगचं सामान विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्याला) पैसे कशाला द्यायचे, असा एकंदर उपदेश आहे.

आधी ओव्हन. २०० फॅरनहाइट म्हणजे ९३ सेल्सिअस. प्रो शॉपमधलं तेल काढायचं यंत्र ६० सेल्सिअसच्या आसपासच तापतं, तेही बॉल फिरवत ठेवून. घरच्या ओव्हनची सगळ्यात खालची खूण बहुधा १७० फॅरनहाइट, म्हणजे ७७ सेल्सिअस. कॉइल चालू-बंद होताना आकडा वरखाली होतो ते वेगळंच. रेझिनमधून उष्णता आत सावकाश जाते. बाहेरचं कवच तापून फुगतं, आतला कोअर थंडच राहतो. मग बोटांच्या दोन भोकांमधल्या चिंचोळ्या जागेत केसाएवढी रेघ उमटते. कित्येकदा ती बॉल निवताना उमटते, म्हणजे व्हिडिओ संपल्यावर. त्यातून भाच्याचा बॉल प्लास्टिकचा, स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना पाडायला घेतलेला! हे प्लास्टिक म्हणजे पॉलिएस्टर, आणि ते तेल पीतच नाही. मग बाहेर काढणार काय, डोंबल?

उष्णतेने तेल सुटतं, एवढं मात्र खरं, झक मारत कबूल करतो. रिअॅक्टिव्ह रेझिनचा बॉल लेनवरचं तेल शोषतो आणि त्याचा हुक (शेवटी आत वळणं) मंदावतो. पण त्याला बादलीभर गरम पाणी पुरतं: ५० सेल्सिअसच्या आतबाहेर, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, वीसेक मिनिटं. पाण्यावर तवंग आला की बॉल पुसायचा, पाणी बदलायचं, परत बुडवायचा. बॉल ११ पौंडांचा किंवा हलका असेल तर तरंगतो, तेव्हा तो फिरवत बसावं लागतं.

असीटोनचं म्हणाल तर तेही सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव. १९७३ साली अमेरिकी बॉलर डॉन मॅक्यून यांनी बॉल सॉल्व्हंटमध्ये भिजवून कवच मऊ केलं, पीबीए या व्यावसायिक बॉलर्सच्या संघटनेच्या सहा स्पर्धा जिंकल्या आणि त्या वर्षीचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. पुढे कडकपणाची किमान मर्यादाच आली. शोर डी या कडकपणाच्या मापावर ७२च्या खालचा बॉल आज नियमात बसत नाही. म्हणजे हा ‘घरगुती उपाय’ लीगमधून बाहेर काढणारा. शिवाय असीटोनची वाफ पेट घेते, आणि हे महाशय ते तापल्या ओव्हनशेजारी वापरतात!

डिशवॉशरबद्दल काय बोलायचं? पाणी जास्त गरम, वर सुकवायची गरम हवा. नको.

आणि तेल निघालं की बॉल नव्यासारखा होतो हेही अर्धवटच. घासून गुळगुळीत झालेलं पृष्ठ तेल काढून खरखरीत होत नाही. त्याला ५००, १०००, २००० ग्रिटचे (कमी-जास्त खरखरीत) घासायचे पॅड लागतात, आणि तेही अख्ख्या बॉलवर फिरवायचे, नुसत्या घासल्या पट्ट्यावर नाही. प्रो शॉपवाला पैसे घेतो ते याचे.